उभारीच्या पुडीचं पथ्य

दिवाळी अंकवाल्या ताई म्हणाल्या, आक्का, दवाखान्यातल्या गमती लिहा, लोकांना वाचायला आवडतात. गमती पुष्कळ आहेत, सांगतेही. पण एक गोष्ट सांगायची राहिलीय आणि ती गमतीची नाही. ती पोटात ठेवून नुसत्या गमती सांगत बसायचा मला हक्क नाही, असं आता या वयात वाटायला लागलंय. तेव्हा हसून झालं की लगेच पान उलटू नका, एवढंच म्हणणं आहे.

मी कंपाउंडर होते. लातुरात एका डॉक्टरसाहेबांच्या दवाखान्यात सव्वीस वर्षं खिडकीत बसले. आतल्या खोलीच्या भिंतीला एक चौकोनी भोक, त्यातून चिठ्ठी आत यायची आणि औषध बाहेर जायचं. मला माणूस पुरा कधी दिसायचाच नाही. तोंड दिसायचं आणि हात दिसायचा. पण तेवढ्यावरून मी सांगायची, हा कावीळ घेऊन आलाय आणि ही सासूशी भांडून.

मूळची मी निलंग्याकडची. शाळा सातवीपर्यंत, तीही अर्धी शेतात. नवरा गेल्यावर दवाखान्यात झाडलोट करायला लागले. झाडताना औषधांचे खोके हाताखालून जायचे. त्यावरची इंग्रजी अक्षरं मी एकेक करून लावली, लेकाच्या बालपुस्तकाशी ताडून. मला 'कॅट' वाचता येत नव्हतं तेव्हा 'पॅरासिटामॉल' वाचता येत होतं. साहेबांनी एकदा पाहिलं, की मी न सांगता बाटल्या बरोबर जागेवर लावल्यात. म्हणाले, आक्का, झाडू ठेवा, खिडकीत बसा. वयानं ते माझ्याहून थोडेच मोठे, पण मला आक्काच म्हणायचे. सगळा मोहल्लाच म्हणायचा.

साहेबांची पदवी आयुर्वेदाची, पण सुई इंग्रजी टोचायचे. आमच्या भागात त्यात नवल नव्हतं. ते अभिमानानं म्हणायचे, माझा एक डोळा आयुर्वेद, एक डोळा इंग्रजी, आणि एकाच डोळ्यानं बघणाऱ्याला अंतर कळत नाही. खोटं कशाला बोलू, त्यांना अंतर कळायचं. हगवणीचं लेकरू आलं तर आधी मीठ-साखरेचं पाणी, मग कुडाच्या सालीचा काढा, आणि डोळे खोल गेले असले तर स्वतः रिक्षात बसवून मोठ्या दवाखान्यात. छातीत कळ आलेल्या माणसाला त्यांनी कधी काढा पाजला नाही. बाहेर बाकड्याच्या वर भिंतीला मोठ्या अक्षरांत रंगवून घेतलं होतं: तुमची तब्येत, तुमची जबाबदारी. तंबाखूवाल्याला तर ते त्या अक्षरांखालीच उभा करायचे आणि सगळ्यांसमोर झापायचे.

आता कामाचं थोडं सांगते. चूर्ण करायचं म्हणजे आधी वाळवणं, मग कुटणं, मग मलमलीतून गाळणं. वस्त्रगाळ म्हणतात त्याला. मग दगडी खलात घोटायचं. पातळ औषधाच्या बाटलीला कागदाची पट्टी चिकटवायची, तिला कात्रीनं खाचा पाडायच्या, एक खाच म्हणजे एक डोस. आणि पुडी बांधायची. पुडी अशी बांधावी, की सुटू नये आणि म्हाताऱ्याच्या थरथरत्या बोटांनी उघडावी. माझी पुडी लातुरात ओळखली जायची. हा एक माज मला होता, आणि त्याचंच पुढं काय झालं ते ऐकालच.

औषध दिलं की आमच्याकडचा माणूस पहिलं विचारतो, पथ्य काय. काय खायचं नाही, काय करायचं नाही. पथ्य नसलं तर त्याचा औषधावर भरोसाच बसत नाही. फुकटचं वाटतं. म्हणून साहेब इंग्रजी गोळीलाही पथ्य सांगायचे. 'वांगं बंद.' मी विचारलं, वांग्याचा आणि या गोळीचा काय संबंध ओ? म्हणाले, काही नाही. पण घरात वांगं शिजलं की हा म्हणेल मला नको, बायको म्हणेल का, हा म्हणेल गोळी चालू आहे. गोळीची आठवण राहते. सव्वीस वर्षांत मी किती लोकांचं वांगं तोडलं असेल, याला गणती नाही.

गिऱ्हाईकं एकेक नामी. एक जण कॅपसूल उघडून आतली पावडर खायचा आणि वरचं टोपण धुवून परत आणून द्यायचा, प्लास्टिक आहे, तुमच्या कामाला येईल म्हणून. एक नवरा-बायको, रिटायर मास्तर. गोळी मास्तरांची, रक्तदाबाची. उतरतच नव्हता दाब. शेवटी कळलं, रोज अर्धी बायकोला देतात. मी म्हटलं, मास्तर, हे काय. तर म्हणाले, आक्का, चाळीस वर्षं एका ताटात जेवलो, आता गोळी एकट्यानं खाऊ? आणि निम्म्या गावाची एकच तक्रार: इंग्रजी गोळी गरम पडते. गरम पडते म्हणून ताकासोबत घ्यायचे, गरम पडते म्हणून दोन दिवस घेऊन तिसऱ्या दिवशी बंद. टीबीची गोळीसुद्धा. आयुर्वेदिक मात्र निर्धोक. झाडपाल्याचं आहे, लागलं तर लागलं, नाही तर नुकसान नाही, असं सगळे म्हणायचे. मीही म्हणायची.

इथवर गमती झाल्या.

गणपती उठले त्या रात्री जमीन हलली. त्याचं मी काही सांगत नाही, ज्यांनी पाहिलं त्यांना सांगायची गरज नाही. चौथ्या दिवशी साहेब म्हणाले, आक्का, चला. किल्लारीकडच्या पट्ट्यात पत्र्याची शेडं उभी राहत होती. तिथं ट्रकच्या ट्रक औषधं येऊन पडलेली. कुठल्या कुठल्या मुलखातून. सगळं एकात एक. थंडीतापाच्या गोळ्यांत डोळ्यात घालायचे थेंब, त्यात बायकांच्या पाळीच्या गोळ्या. डॉक्टर लोकांना बघायला फुरसत नाही. मी सतरंजी अंथरली आणि नाव वाचून ढीग लावले. आठ दिवस. परदेशातून आलेल्या एका डॉक्टरीणबाईनं मला खुणेनं विचारलं, नर्स? मी मान हलवून नाही म्हटलं. आयुष्यात मला माझ्या वाचण्याचा इतका उपयोग कधी झाला नव्हता.

तिथं एक म्हातारी होती. घरातली सगळी दगडाखाली गेलेली. अंगाला मुका मार, सांधे सुजलेले, धुळीनं छाती भरलेली, आणि शेडच्या कोपऱ्यात पडून राहिलेली. खायची नाही, बोलायची नाही. साहेबांनी ढिगातली एक बारीक पांढरी गोळी काढली. स्टिरॉइड म्हणतात त्याला. सूज उतरवते, दमा उतरवते, आणि माणसाला भूक लावते, तरतरी आणते. साहेब मला म्हणाले, ही पाच दिवस. पण म्हातारीनं तोंड मिटलं. इंग्रजी नको, गरम पडतं. तेव्हा साहेबांनी ती गोळी माझ्यासमोर खलात टाकली, वर अश्वगंधाचं चूर्ण, चिमूट सुंठ, आणि म्हणाले, घोटा. मी घोटलं. पुडी बांधली. तिसऱ्या दिवशी म्हातारीनं तीन दगड मांडून चूल पेटवली. मी रडले. साहेबही रडले, पाठ करून.

मग शेजारची आली. म्हणाली, तिला उभारी आली ती पुडी मलाबी द्या. तिथून तिचं नाव पडलं, उभारीची पुडी.

हे सांगते ते साहेबांना सोडवायला नाही. सुरुवात दयेतून झाली एवढंच खरं आहे. शेडं गेली, पक्की घरं झाली, पुडी राहिली. दर बाजाराला त्या गावांतली माणसं एसटीनं लातूरला यायची, उभारी घेऊन जायची. गुडघा, कंबर, दमा, थकवा, सगळ्याला तीच. पाच दिवसांचं औषध वर्षानुवर्षं चाललं. पांढऱ्या गोळीनं चूर्णाचा रंग फिका पडायचा, म्हणून मी त्यात चिमूटभर हळद जास्त घालायची. ते मला कुणी सांगितलं नव्हतं. माझ्याच डोक्यातून आलं होतं.

खोक्यातला बारीक अक्षराचा कागद मी वाचला होता. वाचायची सवयच होती. कोश घेऊन, शब्दाला शब्द लावून, दोन दुपारी गेल्या. त्यात लिहिलं होतं, की ही गोळी बरेच दिवस घेतली तर शरीर आपलं आपण ते रसायन बनवायचं थांबवतं, म्हणून ती एकदम बंद करू नये, हळूहळू कमी करावी. नाही तर जिवावर बेतू शकतं. मी कागद घेऊन साहेबांकडे गेले. त्यांना ते ठाऊकच होतं. म्हणाले, हो, या पुडीला एकच पथ्य आहे, एकदम सोडायची नाही. मी म्हटलं, मग सांगूया की लोकांना. तर ते म्हणाले, झाडपाल्याच्या पुडीला असलं पथ्य सांगितलं, तर लोक विचारतील ना, आत काय आहे.

मी खिडकीत परत गेले. त्या दिवसापासून कुणी विचारलं, पथ्य काय, तर मी म्हणायची, याला पथ्य नाही.

मग आमच्या लातूरला शिकवणीचे दिवस आले. गल्लीगल्लीत क्लास, घराघरावर पोरांच्या खोल्या. कुठून कुठून आईबाप लेकरू घेऊन यायचे, बोर्डात यायचं, डॉक्टर व्हायचं. आमच्या खिडकीत कागदाची चंगळ झाली. क्लासवाल्यांच्या चाचण्यांचे गठ्ठे रद्दीत मिळायचे, एका बाजूनं कोरे, मी त्याच्याच पुड्या बांधायची. एकदा एक पोरगी पुडी घेऊन परत आली. म्हणाली, आक्का, या प्रश्नाचे चार पर्याय आहेत, चौथा तुमच्या घडीत फाटलाय, दुसरी पुडी दाखवा बरं.

ती पोरगी म्हणजे अश्विनी. तिची आई कौसल्याबाई. ही माणसं किनवटकडची. बाप तिकडं जंगलातल्या एका आश्रमशाळेवर शिक्षक, आणि आई लेकीसाठी लातुरात खोली करून राहिलेली. नुसती राहून काय करायचं, म्हणून तिनं पोरांचे डबे सुरू केले. दोन वेळा तीस-तीस डबे, एकटीनं. गुडघे धरले. कुणी तरी सांगितलं आणि ती आमच्या खिडकीत आली.

बोलकी बाई. खिडकीतून आत डोकं घालूनच बोलायची. सहा महिन्यांत आमची बहिणी-बहिणींसारखी झाली. दुपारी डबे पोचवून आली की बाकड्यावर बसायची, मी आत पुड्या बांधायची, ती बाहेरून बोलायची. तिच्या गावच्या मोहाच्या फुलांचं, तिच्या नवऱ्याच्या भोळेपणाचं, पोरीच्या मार्कांचं. गुडघे पळायला लागले तिचे. "आक्का, तुमच्या हाताला गुण हाय," म्हणायची. "मी आता जिना दोन-दोन पायऱ्या चढून राहिले." वर्षभरात तिचं तोंड गोल झालं, गालावर लाली आली, मानेमागं मांस चढलं. बायका म्हणायच्या, लातूरचं पाणी मानवलं. मला ठाऊक होतं ते कशाचं आहे. त्या बारीक कागदात तेही लिहिलेलं होतं.

आणि ती दर वेळी विचारायची. दर वेळी. पुडी हातात घेतली की, "आक्का, पथ्य?" मी हसायची. म्हणायची, कौसल्याबाई, किती वेळा सांगू, या पुडीला पथ्य नाही. तर ती म्हणायची, पथ्याबिगर औषध कसं असंल, तुम्ही मला लाडानं सांगत न्हाई. आणि आपणहून आंबट सोडलं तिनं. वांगं सोडलं. दोन वर्षं बिचारीनं वांगं खाल्लं नाही.

अश्विनीची परीक्षा झाली, खोली सोडली, दोघी गावी गेल्या. जाताना मी दोन महिन्यांच्या पुड्या बांधून दिल्या.

त्या सुट्टीत किनवटला एक योगाचं शिबिर भरलं. पहाटे मैदानावर, फुकट. कौसल्याबाईला असल्या गोष्टींची हौस. तिथल्या गुरुजींनी सांगितलं, की तुमचं शरीर हाच तुमचा डॉक्टर, आजपासून आपली तब्येत आपल्या हातात घ्या, घरात असतील नसतील तेवढी औषधं टाकून द्या. तिनं टाकली. वाईट काय सांगितलं होतं त्यांनी? आमच्या भिंतीवरही तेच रंगवलं होतं की. त्यांना काय ठाऊक, की बाईच्या डब्यात काय आहे. तिलाही ठाऊक नव्हतं. ठाऊक मला होतं.

तिचा फोन आला दवाखान्यात. मीच उचलला. आवाजात आनंद मावत नव्हता. म्हणाली, आक्का, तुमच्यापासून सुटले बघा, आठ दिवस झाले पुडी बंद हाय, आता श्वासावर चालते मी. मी विचारलं, बरं वाटतंय ना? म्हणाली, जरा गळाठल्यासारखं होतं, मळमळतं, उठलं की अंधारी येते. पण शिबिरातले म्हणतात, विष बाहेर पडून राहिलं, पडू द्या.

त्या वेळी खिडकीसमोर सात-आठ माणसं उभी होती. आतल्या खोलीत साहेब, दार उघडं. मी काय बोलले ते मला शब्दन् शब्द आठवतं. मी म्हटलं, कौसल्याबाई, दोन-चार दिवस परत घ्या की पुडी, मग सोडा. का, ते सांगितलं नाही. ती हसली. "न्हाई आक्का. आता मागं नाही फिरायचं. पहिल्यांदा आपलं आपण काही तरी करून राहिले मी." आणि तिनं फोन ठेवला.

मी चिठ्ठ्या घ्यायला लागले. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत मी नेहमीसारख्या पुड्या बांधल्या. कुठलीच सुटली नसेल.

तीन दिवसांनी अश्विनीचा फोन. आई बेशुद्ध आहे, नांदेडला मोठ्या दवाखान्यात आणलंय, रक्तदाब खाली जाऊन जाऊन लागतच नाही, उलट्या थांबत नाहीत, इथले डॉक्टर विचारतायत कसलं औषध चालू होतं. आयुर्वेदिक आहे एवढं सांगितलंय त्यांना, पण त्यात काय काय आहे ते तुम्ही सांगा, म्हणाली. मी बोलायच्या आत साहेबांनी हात पुढं केला. फोन घेतला. शांतपणे सांगितलं: अश्वगंधा, सुंठ, गुळवेल, थोडी हळद. पोरगी लिहून घेत असावी, कारण ते एकेक शब्द थांबून सांगत होते.

फोन ठेवून ते माझ्याकडे बघेनात. मी म्हटलं, साहेब, ती मरेल. ते म्हणाले, नांदेडला मोठे डॉक्टर आहेत, त्यांच्या लक्षात येईल. मी म्हटलं, आणि नाही आलं तर? त्यांनी चष्मा काढून पुसला आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

मी फडताळातून पांढऱ्या गोळ्यांचं पाकीट घेतलं, पिशवीत टाकलं आणि स्टँडवर गेले. अहमदपूर, लोहा, नांदेड. एसटी प्रत्येक फाट्यावर थांबत होती. एवढ्या प्रवासात मी एकच गोष्ट केली, काय सांगायचं ते पाठ केलं. रोज किती, कधीपासून, कधी बंद.

वॉर्डात ड्युटीला एक तरणी डॉक्टरीण होती. मी पाकीट तिच्यासमोर ठेवलं आणि पाठ केलेलं म्हणून टाकलं. सकाळ-संध्याकाळ एकेक, दोन वर्षं, अकरा दिवसांपूर्वी एकदम बंद. तिनं एकदाच माझ्याकडे बघितलं. "तुम्ही कोण?" मी म्हटलं, कंपाउंडर. तिनं लगेच नर्सला हाक मारली, सुईचं नाव सांगितलं. तीच गोळी, सुईतून. मला नाव कळलं. अश्विनी खाटेच्या पलीकडं उभी होती, तिच्या हातात तो कागद होता, अश्वगंधा, सुंठ, गुळवेल. तिला सगळं ऐकू आलं होतं. ती एवढंच म्हणाली, "तुम्ही बाहेर थांबा."

मी बाहेर थांबले. दोन दिवस थांबले. दुसऱ्या दिवशी कौसल्याबाई उठून बसली, चहा मागितला, आणि तिनंच मला आत बोलावलं. पोरीनं तिला सांगितलं होतं. ती माझ्यावर ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं विचारलं, "ठाऊक होतं तुम्हाला?"

मी हो म्हटलं.

"मी फोन केला तवाबी?"

"तेव्हाही."

तिनं चहाचा कप बाजूला ठेवला. मग म्हणाली, "डॉक्टरला मी कधीच काही विचारलं न्हाई, आक्का. मोठा माणूस. मी तुम्हालाच विचारायचे."

 

ती वाचली, पण पूर्वीसारखी झाली नाही. खुब्याचं हाड आतून पोकळ झालेलं, खाली बसता येत नाही. आणि तीच गोळी तिला बहुतेक जन्मभर घ्यावी लागणार, असं त्या डॉक्टरिणीनं सांगितलं. आता पाकिटातून, मोजून, डॉक्टरला दाखवून. मी दोनदा किनवटला गेले. पहिल्यांदा तिनं चहा दिला. दुसऱ्यांदा तिचा नवरा दारात आला आणि अत्यंत सभ्यपणे म्हणाला, तिला झोप लागलीय. त्यानंतर मी गेले नाही.

मी नांदेडहून परत आले तेव्हा साहेबांना वाटलं होतं मी पोलिसांत जाणार. मी म्हटलं, मी कुठं जात नाही, पण उद्या खिडकीत प्रत्येकाला सांगणार. तेव्हा त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. म्हणाले, "सांगा. उद्या बाजारभर होईल की उभारीत स्टिरॉइड आहे. घाबरून सगळे एका दिवसात फेकतील. मग किती जणांच्या खाटेशी जाल, आक्का?"

माणूस चूक होता, पण बोलला ते खरं होतं. मी नोकरी सोडली आणि घरोघर फिरायला लागले. आणि काय सांगायचं होतं मला? की मी तुम्हाला फसवलं, यात विलायती गोळी आहे, आणि तरी ती आज सोडू नका, घेत राहा, मोठ्या डॉक्टरला दाखवा, तो महिन्या-दोन महिन्यांत हळूहळू उतरवेल. फसवणाऱ्या बाईनं येऊन सांगायचं, औषध चालू ठेवा. कुणी ऐकावं? काहींनी दार लावलं. काहींनी ऐकलं आणि गेले दाखवायला. आमचे ते एका गोळीत दोघं भागवणारे मास्तर, तेही उभारी घ्यायचे, हे मला तेव्हा आठवलं. म्हणाले, आक्का, तुम्ही सांगितलं, मी ऐकलं, आता उगीच डोक्याला ताप नको, मला जिना चढायचा असतो, पुडी आणखी कोण देतं तेवढं सांगा. दुसरीकडं देणारे होते. त्यांना मिळाली.

एका घरी मी पोचले तेव्हा अंगणात तेराव्याचं जेवण चाललेलं. कशानं गेले, मी विचारलं. म्हणाले, काही नव्हतं हो, चांगले टुणटुणीत होते, गेल्या महिन्यात औषधबिवषध सगळं सोडलं होतं, एकाएकी गळाठले. मला जेवायला बसवलं त्यांनी. मी जेवले. 

आणि जे बाजारच्या दिवशी एसटीनं यायचे, त्यांची तर नावंही मला ठाऊक नव्हती. भोकातून तोंड आणि हात, एवढीच ओळख. पुडीची नोंद आम्ही कुठं ठेवतच नव्हतो. मी त्या गावांत फिरले, जमेल तेवढी. पत्र्याची शेडं केव्हाच मोडलेली, माणसं पांगलेली, कोण पुण्याला, कोण ऊसतोडीला. काही सापडली. बाकीच्यांचं काय झालं, मला माहीत नाही.

साहेब वारले. दवाखान्याच्या जागी झेरॉक्सचं दुकान आहे, क्लासच्या नोट्स मिळतात. पण तसली पुडी बंद झालेली नाही. नाव बदलतं, डबा बदलतो, कुणी गुडघ्यासाठी देतं, कुणी दम्यासाठी, कुणी वजन वाढायला. आयुर्वेदात खोट नाही, इंग्रजीत खोट नाही. माझी लेक मला साखरेच्या आजारावरची गोळी देते आणि सून मेथ्या भिजत घालते, दोन्ही मी घेते, पण दोन्ही कशाच्या आहेत ते मला ठाऊक आहे.

म्हणून ताई, हे छापाच, आणि गमती कापायच्या असल्या तर कापा. ज्यांच्या घरात असली पुडी असेल, जिच्यानं दोन दिवसांत गुडघे पळायला लागले आणि चार महिन्यांत तोंड गोल झालं, त्यांनी ती फेकू नये. हे वाचून घाबरून एकदम बंद करू नये. उद्या सकाळची नेहमीसारखी घ्यावी, आणि उरलेली कागदासकट मोठ्या दवाखान्यात न्यावी. तिथं म्हणावं, यात स्टिरॉइड असेल असं वाटतं, इतके दिवस घेतोय, कसं उतरवायचं ते सांगा. विचारतील, तुम्हाला कसं कळलं. तर सांगा, लातूरच्या एका कंपाउंडर बाईनं सांगितलं, जिनं ती सव्वीसपैकी बारा वर्षं स्वतःच्या हातानं घोटली.